बाबासाहेबांची वकिली संविधानात कुठे दिसते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहात. बाबासाहेब वकील म्हणून फारसे चालले नाहीत, ते मुळात अर्थशास्त्रज्ञ आणि नेते, आणि संविधानाचा कच्चा मसुदा तर संविधान सभेचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांनी आधीच तयार केला होता, असं तुमच्या वाचनात आलं. मग त्यांच्या वकिलीचा आणि संविधानाचा संबंध काय? आणि जाता जाता तुम्ही हेही विचारलंय की कायदे करण्याच्या बाजूला जायचं असेल तर जिल्हा कोर्टात पाच-सात वर्षं घालवणं म्हणजे वेळ दवडणं का?

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. अठ्ठावीस वर्षं दिवाणी बाजूला काढली आहेत: वाटपाचे दावे, वहिवाटीचे रस्ते, मनाई हुकूम, दरखास्ती (म्हणजे मिळालेला निकाल बजावून घेण्याचे अर्ज). त्यामुळे संविधान सभेतली भाषणं मी वकिलाच्या खोडीने वाचतो. समोरचा पक्षकार यातून कुठून निसटेल, हे शोधत. माझं उत्तर तेवढ्याच नजरेचं आहे.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात. वकील म्हणून ‘चालणं’ वेगळं आणि वकिलीने माणसाची विचार करायची पद्धत घडणं वेगळं. पहिल्या बाबतीत तुम्ही वाचलंय ते निम्मं खरं आहे. १९२३ च्या जुलैत त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. ग्रेज इनचे बॅरिस्टर, कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या हाताशी, आणि सनद काढायला पैसे मात्र नवल भथेना या मित्राने दिलेले. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे जिथे दावे थेट दाखल होतात तिथे, बॅरिस्टरकडे काम यायचं ते सॉलिसिटरमार्फत, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे ब्रीफ पाठवणारे सॉलिसिटर तेव्हा नव्हते. मग अपिलाची कामं, मोफस्सलातले फौजदारी खटले, फी देताना खिसे चाचपणारे अशील. परळच्या दामोदर हॉलमध्ये कचेरी. उत्पन्नाला जोड म्हणून १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवणं, पुढे गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात प्राध्यापकी आणि १९३५ मध्ये तिथलंच प्राचार्यपद. यात परिषदा, सत्याग्रह, लंडनच्या गोलमेज फेऱ्या, कायदेमंडळ. असा माणूस रोज अकरा वाजता कोर्टात उभा राहून नाव काढणार कसा? तरी नाव झालं. १९२६ साली पुण्यात बागडे, जेधे, जवळकर यांच्यावरच्या बदनामीच्या खटल्यात अपिलात त्यांना सोडवलं, तेव्हापासून ब्राह्मणेतर चळवळीतले लोक त्यांच्याकडे वकील म्हणून बघायला लागले.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे. त्यासाठी एकच दावा नीट बघू, कारण त्यात ते वकीलही होते आणि प्रतिवादीही.

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. त्यामागचा कागद मात्र फार जण बघत नाहीत. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पैशाने बांधलेल्या, राखलेल्या पाणवठ्यांवर, विहिरींवर, धर्मशाळांत अस्पृश्यांना मज्जाव नसावा. महाड नगरपालिकेनेही त्याला धरून तळं खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क कागदावर होता. तो बजावायला माणसं गेली, पाणी प्यायली, तर मार खाऊन आली. मग डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, आणि तोंडावर, १४ डिसेंबरला, सवर्ण वाद्यांनी महाडच्या दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. प्रतिवादी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी.

इथे माझ्यातला वकील थांबतो. २५ डिसेंबरला हजारो माणसं जमलेली, मनुस्मृतीचं दहन झालेलं, लोक तुरुंगात जायला तयार. कलेक्टर येऊन सांगतो की हुकूम आहे, मोडू नका. सरकारशी लढायला तयार असलेला नेता अशा वेळी काय करेल? बाबासाहेबांनी सभेला पटवलं की तळ्यावर जाणं तूर्त तहकूब करू. पाण्याला हात न लावता मिरवणूक निघाली. याला कुणी माघार म्हणतं. मला तो हिशेब वाटतो. हुकूम मोडला असता तर ज्या कोर्टात हक्क शाबीत करायचा त्याच कोर्टाच्या नजरेतून उतरले असते, आणि भांडण तळ्याचं न राहता बेअदबीचं झालं असतं. तात्पुरत्या मनाईला घाबरून आयुष्यभराचा दावा घालवणारे अशील मी पाहिलेत, आणि तिला लाथ मारून घालवणारेही.

त्या तळ्याचा दावा किती चालला? खालच्या कोर्टाने १९३१ मध्ये प्रतिवादींच्या बाजूने निकाल दिला. वादी अपिलात गेले, हरले, पुढे उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ ला न्या. ब्रूमफिल्ड यांच्या खंडपीठाने वादींचं अपील फेटाळलं. हे ब्रूमफिल्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना राजद्रोहात सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. एकाच माणसाच्या टेबलावरून काय काय गेलं बघा.

पण निकाल कशावर लागला हे बारकाईने बघा, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. अस्पृश्यता वाईट आहे, म्हणून तळं खुलं, असं कोर्टाने म्हटलं नाही. कोर्ट म्हणालं की आम्हीच फक्त या तळ्याचं पाणी भरतो आणि अस्पृश्यांना दूर ठेवतो ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे, असं वादींचं म्हणणं. ती वहिवाट त्यांना शाबीत करता आली नाही. बस, एवढंच. आता उलटा विचार करा. वादींनी चांगले साक्षीदार उभे केले असते, जुने दस्त काढले असते, वहिवाट शाबीत झाली असती, तर? तर तेव्हाच्या कायद्याने तिला मान दिला असता. नऊ वर्षांहून जास्त चाललेला दावा जिंकला तो समोरच्याचा पुरावा अपुरा पडला म्हणून. वकिलाला असा विजय झोप येऊ देत नाही. आज साक्षीदार कच्चा होता, उद्या दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या तळ्यावर तो पक्का निघेल.

आता संविधानाचं तेरावं कलम उघडा. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा तेवढ्यापुरता शून्य, हे पाठ असतं सगळ्यांना. पण त्याच कलमात ‘कायदा’ या शब्दात काय काय येतं ते सांगताना कायद्याचं बळ असलेली रूढी आणि वहिवाटही घातली आहे. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिच्यातून येणारा कुठलाही निर्बंध लादणं हा गुन्हा ठरवला. पंधराव्यात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते हे एकेक करून लिहिले, आणि सरकारी पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेले, किंवा जनतेच्या वापरासाठी दिलेले, असं त्यांचं वर्णन केलं. १९३७ मध्ये वहिवाट शाबीत झाली नाही म्हणून तळं सुटलं. १९५० नंतर वहिवाट शाबीत झाली तरी ती चालणार नाही. वहिवाटीच्या दाव्यात पुराव्याचं ओझं कुठून कुठे हललं, हे ज्याने असे दावे चालवलेत त्याला एका वाचनात कळतं.

इथे हात आखडता घेतो. ही कलमं एकट्या बाबासाहेबांनी लिहिली असं म्हणणं चूक होईल. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत तेही होते, मुन्शीही होते, अल्लादी कृष्णस्वामी अय्यरही होते. राव यांचा मसुदा २४३ कलमांचा. मसुदा समितीचा, फेब्रुवारी १९४८ चा, ३१५ कलमांचा. शेवटी झाली ३९५. इतक्या हातांतून गेलेल्या मजकुरावर एकाचं नाव घालता येत नाही. पण सभागृहात एकेका शब्दाचा बचाव करायला कोण उभं राहायचं, आणि काय बोलून, हे छापलेलं आहे. तिथे वकील लपत नाही.

एक प्रसंग सांगतो. २९ नोव्हेंबर १९४८, आज ज्याला पंधरावं कलम म्हणतो त्यावर चर्चा. दुकानात मज्जाव नसावा असं लिहिलं होतं. सभासदांनी विचारलं, यात धोबी येतो का, न्हावी येतो का? बाबासाहेबांचं उत्तर असं की जो कुणी येईल त्याला आपली सेवा द्यायला जिथे मालक तयार असतो ते दुकान. ना गल्ला, ना फळी, ना माल. व्याख्या मालावरून काढून सेवेवर ठेवली, आणि केशकर्तनालयाचा दरवाजा आपोआप उघडला. पहिल्या वर्षात ‘व्यापक अर्थ लावणे’ नावाचा धडा असतो, तो हा.

उपायांचं सूत्र तर त्याहून जुनं. १७ डिसेंबर १९४६ ला, संविधान सभेतल्या आपल्या पहिल्या मोठ्या भाषणात, नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावाबद्दल त्यांची तक्रार काय होती? हक्क सांगितलेत, पण हक्कांवर घाला आला तर दाद कशी मागायची ते कुठेच नाही; आणि दाद नसेल तर हक्क म्हणजे काहीच नाही. त्या दिवशी ते कुठल्या समितीचे अध्यक्ष नव्हते, बंगालमधून निवडून आलेले एक सभासद होते. फाळणीत ती जागाही गेली, आणि जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर मुंबईतून परत आले. ९ डिसेंबर १९४८ ला, जे पुढे बत्तिसावं कलम झालं, हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचं, त्याबद्दल त्यांनी म्हटलं की हे नसेल तर सगळं संविधान निरर्थक, हा त्याचा आत्मा आणि हृदय आहे. हे वाक्य सगळे उद्धृत करतात. मला त्याच भाषणातला कोरडा भाग जास्त आवडतो. ते सांगतात की हे रिट, म्हणजे हक्क बजावायला कोर्टाने काढायचे आदेश, आपल्याकडे आधीही होते, पण साध्या कायद्यात. आणि जे साध्या कायद्यात आहे ते कायदेमंडळ साध्या दुरुस्तीने काढून घेऊ शकतं. आता ते काढायला संविधान बदलावं लागेल. हेबियस कॉर्पस (डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा, हा आदेश) तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४९१ कलमात होतं, मँडेमसची (अधिकाऱ्याला त्याचं कर्तव्य करायला लावणारा आदेश) तजवीज विशिष्ट दाद अधिनियमात. ज्याने हे अर्ज खरेच हाताळलेत त्यालाच ते किती तकलादू खुंटीला टांगलेत हे ठाऊक असतं.

हेच त्यांनी पुढे अटकेच्या बाबतीत केलं. एकविसाव्या कलमातून ‘ड्यू प्रोसेस’, म्हणजे कायद्याची प्रक्रिया न्याय्य आहे की नाही हेही कोर्टाने तपासण्याचं तत्त्व, वगळलं गेलं, बरीच टीका झाली. १९४९ च्या सप्टेंबरात बाविसावं कलम आणताना ते मोकळेपणाने म्हणाले की तेव्हा जे गेलं त्याची ही भरपाई. काय आणलं? अटकेचं कारण सांगणं, वकिलाला भेटू देणं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं. दोन तर फौजदारी संहितेतून सरळ उचललेली, रिमांडच्या वेळी रोज वापरली जाणारी तत्त्वं. मोठं तत्त्व हरल्यावर छोट्या पण मोजता येणाऱ्या गोष्टी पदरात पाडून घेणं, हे मी युक्तिवादात कितीतरी वेळा केलंय. घड्याळात मोजता येतात अशा गोष्टी. ‘वाजवी वेळेत’ यावर दहा वर्षं भांडता येतं, ‘चोवीस तासांत’ यावर नाही.

हे मी शिकलो ते चटका बसून. उमेदवारीच्या काळात शेतरस्त्याच्या एका दाव्यात तडजोड पुरसीस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) लिहिली: ‘दोन्ही पक्ष रस्त्याचा योग्य तो वापर करतील.’ दोन्ही भाऊ खूश, साहेब खूश, सही, शिक्का. रस्ता किती फूट, बैलगाडी की ट्रॅक्टर, पावसाळ्यात बांध कुणी बांधायचा, एक शब्द नाही. चौथ्या महिन्यात दरखास्त दाखल. बेलिफ, म्हणजे कोर्टाचा हुकूम बजावणारा कर्मचारी, रस्त्यावर उभा राहून मला फोनवर विचारत होता, ‘वकीलसाहेब, योग्य म्हणजे किती?’ त्यानंतर मी कुठलाही हुकूम लिहिताना बेलिफचा चेहरा आठवतो. बाबासाहेबांनी वीस वर्षं असे चेहरे पाहिले होते.

तरी सगळंच कोर्टाच्या फूटपट्टीने लिहिता येत नाही, हेही ते जाणून होते. ३० नोव्हेंबर १९४८, नोकऱ्यांतल्या राखीव जागांचं कलम. ‘मागासवर्ग’ या शब्दाची व्याख्या करा म्हणून रेटा होता. ते म्हणाले, मागास कोण ते त्या-त्या सरकारने ठरवावं. पण समजा सत्तर टक्के जागा राखीव ठेवल्या आणि तीसच खुल्या, तर संधीच्या समानतेचं तत्त्व शिल्लक राहिलं असं म्हणता येईल का? सरकारने बेबंद वागणूक केली तर कोर्टात जाता येईल, आणि कोर्ट बघेल की सरकार शहाण्या, समंजस माणसासारखं वागलं की नाही. टी. टी. कृष्णम्माचारींनी चिमटा काढला होता की हे म्हणजे वकिलांचं नंदनवन. बाबासाहेबांनी उलट विचारलं, जगातलं असं एक तरी संविधान दाखवा जे वकिलांचं नंदनवन नाही. त्या एका चर्चेवर पुढची कित्येक दशकं सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद चालले आहेत. कुठे आकडा लिहायचा आणि कुठे जागा मोकळी सोडायची, हा निर्णय कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

आता माझ्या म्हणण्याविरुद्धचा पुरावाही ठेवतो, नाहीतर तुम्हीच उलटतपासणीत काढाल. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’मधल्या मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले, संपादकाने उत्तरं दिली, यात गुन्हा कुठला, असा तो लढा. हरले, कर्वेंना दोनशे रुपये दंड झाला. अशा वकिलाच्या अध्यक्षतेखाली झालेल्या संविधानात भाषणस्वातंत्र्याच्या अपवादांतून सभ्यता आणि नीतिमत्ता हे शब्द गळायला हवे होते. गळले नाहीत. राजद्रोह गेला, तेही मुन्शींच्या दुरुस्तीमुळे. तेव्हा चरित्रातला प्रत्येक खटला ओढून कलमाला जोडू नका, जुळत नाही.

१९५३ मध्ये राज्यसभेत त्यांनी चिडून म्हटलं होतं की मी फक्त सांगितलेलं लिहिणारा होतो, बरंचसं मनाविरुद्ध केलं. हे वाक्य त्यांच्याविरुद्ध वापरणारे पुष्कळ आहेत. मसुदे लिहिणाऱ्याला त्यात विशेष काही वाटत नाही. मसुदा अशिलाचा असतो. इथे अशील म्हणजे सभागृह, आणि सभासदांनी २,४७३ दुरुस्त्या मांडल्या, बोलल्या, काही मंजूर केल्या. शेतीचं राष्ट्रीयीकरण संविधानातच लिहावं असं १९४७ च्या त्यांच्या स्वतःच्या निवेदनात होतं. ते आलं नाही. मनासारखं नसलेलं कलमही निर्दोष भाषेत लिहून द्यायचं आणि सभागृहात त्याचा बचाव करायचा, यालाच मी वकिली म्हणतो.

आणि एक गंमत. मंत्रिपद सोडल्यावर १९५२ मध्ये तेच सर्वोच्च न्यायालयात उत्तर प्रदेशच्या जमीनदारांतर्फे उभे राहिले. युक्तिवाद काय, तर संविधानाच्या आत्म्याला धरून जमीनदारी नष्ट करणारा कायदा टिकत नाही. कोर्टाने शब्दांकडे बोट दाखवलं आणि ऐकलं नाही. मसुदा समितीच्या अध्यक्षालाही आपल्या शब्दांबाहेर जाऊन दाद मिळाली नाही.

तुमचा दुसरा प्रश्न. पाच-सात वर्षं घालवावीत की नाही हे घरच्या परिस्थितीवर आहे. उमेदवारीत पहिली तीन वर्षं हातात काही पडत नाही, आणि घरात पैसे लागत असतील तर नोकरी करा, त्यात कमीपणा नाही. शिकवणाऱ्या सीनियरवरही खूप अवलंबून. नुसत्या तारखा घ्यायला पाठवणारा मिळाला तर दोन वर्षांत बदला. पण जमत असेल तर निदान वर्षभर दिवाणी कोर्टात बसा, आणि दाव्यांपेक्षा दरखास्ती बघा. हुकूमनामा हातात घेऊन फिरणारा माणूस आणि तो बजावायला गेलेला बेलिफ यांच्यामध्ये कायदा कुठे सांडतो ते तिथेच दिसतं.

सुरुवात उद्याच करायची असेल तर १७ मार्च १९३७ चा चवदार तळ्याचा निकाल मिळवा. वाचताना, कोर्टाने पुराव्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवलंय तिथे पेन्सिलने रेघ मारा, आणि मग शेजारी तेराव्या कलमाचं तिसरं उपकलम उघडून ठेवा.